मागे उघडणारं पान

"आधी बोट ठेवा, मग पान उलटा."

ताई हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणायची. शब्दकोशाच्या कचेरीत कुणी नवीन माणूस आला आणि जाडजूड खंड उचलून भराभरा पानं चाळू लागला, की ताई टेबलावरून मानही न वळवता म्हणायची. त्याला काही उमगायचं नाही. मग ती उठून यायची, त्याचं बोट धरून शब्दावर टेकवायची आणि सांगायची, "हं. आता जा कुठं जायचं तिकडं. परत यायला जागा झाली."

शब्दकोश वाचणं म्हणजे विहिरीत उतरणं आहे. एक शब्द बघायला जावं, तर तिथं लिहिलेलं असतं, 'पाहा' अमुक. अमुककडं जावं, तर तो तमुककडं पाठवतो. दोर वर बांधलेला नसला, तर उतरणारा शब्दांच्या पोटात कुठंतरी फिरत राहतो आणि आपण कशासाठी उतरलो होतो तेच विसरतो. वाचकाचं बोट हाच तो दोर. ताईला हे कुणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षं कार्डं लावता लावता ते तिच्या हाडात मुरलं होतं.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर, एका लांबोळक्या खोलीत. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी कपाटं, कपाटांना तळहाताएवढे खण, खणांत कार्डं. खण ओढला की डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास येई. खिडकीलगतचं टेबल ताईचं. ताई एकोणपन्नास वर्षांची, हाडापेरानं मजबूत, केस घट्ट ओढून बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चष्म्याच्या काचा तिच्या धाकट्या भावानं स्वतः घासलेल्या. भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लग्न न केलेली ताई भावाच्याच घरात राहायची.

अकरा वर्षांनंतर कचेरीत संगणक आले. ते बसवायला आलेला माणूस घाईत होता. त्यानं ताईच्या हातात माउस दिला आणि उभ्याउभ्या सांगितलं, "बाई, निळ्या अक्षरांना लिंक म्हणतात. लिंक दिसली की मधलं चाक दाबायचं. दुसरं पान मागे उघडतं, हातातलं जात नाही." ताईला ते इतकं पटलं, की तिनं पुढं काही विचारलंच नाही. बाकीच्या कामांना डावं बटण, लिंकला चाक. आठ वर्षं तिचं मधलं बोट लिंक दिसली की आपोआप चाकावर जाई. पापणी लवते तसं.

संगणक आले त्याच वर्षी कोश वेबवर चढवायचाही ठरला. संपादक म्हणाले, बाहेरचा माणूस बोलावू. ताई म्हणाली, मला सहा महिने द्या. ती वाचनालयातून पुस्तकं आणून, कागद छापून, चुकत, पुसत, पुन्हा लिहीत शिकली. वेबपेजचे दोन भाग असतात हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. एका फाइलीत मजकूर. दुसऱ्या फाइलीत त्याचं रूप, म्हणजे कुठला शब्द जाड, कुठला बारीक, कुठं किती मोकळी जागा, कुठला रंग. या दुसऱ्या फाइलीला स्टाइलशीट म्हणतात. पाटाच्या तोंडाशी एक दार उघडावं आणि सगळ्या वाफ्यांना पाणी पोचावं, तसं तिथं एक ओळ लिहिली की चाळीस हजार शब्दांचा पेहराव बदलतो. ताई या फाइलीच्या प्रेमात पडली. शब्द गडद निळा, अर्थ काळा, 'पाहा' विटकरी. समासाची जागा केसभर वाढवायची आणि खुर्ची मागे सरकवून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. शिपाई म्हणायचा, "ताई पडद्याकडं असं बघतात, जणू आत्ताच न्हाऊ घातलेलं लेकरू आहे."

आता वहिनीचं सांगतो. वहिनी म्हणजे भाऊची बायको. शिपाई प्रुफांची बाडं घेऊन ताईच्या घरी जायचा, तिथं तो तिला वहिनी म्हणायचा, आणि पुढं ती कचेरीत आली तेव्हा सगळ्यांची वहिनी झाली. तिला कचेरीत आणलं ते ताईनंच. काम वाढलं होतं. वहिनीनं दुपारच्या क्लासला जाऊन कसलातरी वेबचा अभ्यासक्रम पुरा केला होता. ताईनं स्वतःच्या हातानं तिचा अर्ज नेला, संपादकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आमच्या घरातली आहे, चार गोष्टी शिकवीन." आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर तो उचलायलाही स्वतःच जावं लागतं.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात शिपायानं चहाचा पहिला पेला वहिनीपुढं ठेवला. वहिनीचं टेबल दाराजवळ होतं, एवढंच कारण. पण ताईनं त्या दिवशी चहा घेतला नाही. मग संपादक आपल्या खोलीतून हाक मारू लागले, "वहिनी, जरा बघता का?" आठ वर्षं त्या हाकेत 'ताई' होतं. शब्द बदलला, आवाज तोच राहिला, आणि त्यानंच जास्त लागलं. वहिनीची बोटं कळफलकावर पडायची ती चुरमुरे सांडल्यासारखी, थांबायचीच नाहीत. ताई एकेक अक्षर ठोकायची, सुतारानं खिळा ठोकावा तशी. वहिनी हसायची तेव्हा सगळी खोली तिच्याकडं बघायची. ताई हसली, तर लोक विचारायचे, "काय झालं?"

ही असूया मोठी चिवट. उघड्यावर भांडण करणाऱ्या माणसाचं एकदाचं भांडून होतं. ताईला भांडता येईना. ज्या बाईचा राग येतो, तिच्याच हातची पोळी संध्याकाळी खायची. सकाळी एकाच आरशात मागेपुढे उभं राहून केस विंचरायचे. बसच्या एकाच बाकावर बसून कचेरीत यायचं. आत काहीतरी धुमसतंय आणि वर धूर दिसू द्यायचा नाही. ताई मनात मोजायची. आज फोन तिला किती आले. कुणी 'वाः' कुणाला म्हटलं. भाऊनं आधी कुणाला विचारलं, "दमलीस का?" आणि मोजून झालं की स्वतःचीच लाज वाटून ती समासाची जागा उगाच एका केसानं कमी करायची.

याच सुमारास वाचकांची पत्रं येऊ लागली. सगळ्यांचं एकच रडगाणं. एका शब्दावरून दुसऱ्यावर गेलं की पहिलं पान हरवतं. कोशाच्या समितीतले सर्वांत वृद्ध सभासद, निवृत्त डॉक्टर, यांनी तर लांबलचक पत्र लिहिलं: तुमच्या कोशात शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, मी 'काठ' बघायला गेलो, तिथून 'तीर', तिथून 'बाण', आणि संध्याकाळी मी 'भाता' वाचत बसलो होतो, सही, हरवलेला वाचक.

ताईनं पत्र वाचलं आणि चकित होऊन म्हणाली, "माझं पान तर कधीच हरवत नाही."

ते खरंच होतं. तिनं डॉक्टरांचा सगळा रस्ता स्वतः चालून पाहिला. काठ, तीर, बाण, भाता. चाक दाबत गेली. पहिलं पान जागच्या जागी, बाकीची त्याच्या मागे शहाण्या पोरांसारखी रांगेत. ताईनं मनाशी निष्कर्ष काढला, की आपला ब्राउझर शहाणा आहे आणि लोकांचे अडाणी. त्यांना शिकवावं लागेल.

संपादकांनी दोघींना बोलावलं. ते मोजकं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे. वाचकाचं पान हरवता कामा नये. दोघींनी आपापली रीत दाखवा. जिची चालेल, वेबवरच्या कोशाची मांडणी यापुढं तिच्याकडं. दुसरीनं प्रुफं बघावीत. एका फाइलीत दोघींचे हात नकोत."

ताईला वाटलं, कुणीतरी आपल्या अंगणात उभं राहून आपल्यालाच विचारतंय, हे घर कुणाचं?

आठवडाभर ती छापील कागदांच्या गठ्ठ्यात बुडाली. आणि एका दुपारी तिला तो मसुदा सापडला. वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी तो पुष्कळ वर्षांपूर्वी काढला होता. त्यात स्टाइलशीटसाठी नवे गुण सुचवले होते. लिंक कुठल्या खिडकीत उघडावी, हे एक. नवीन उघडायचं तर नवी खिडकी की नवा टॅब, हे दुसरं. आणि तिसरं ताईनं बोट ठेवून दोनदा वाचलं: नवं पान चालू पानाच्या पुढं उभं करायचं की मागे ठेवायचं, हेही स्टाइलशीटमध्येच सांगता येईल. मागे! म्हणजे वाचकाचं बोट! कुठंतरी दूर बसलेल्या, तिला कधी न भेटलेल्या माणसांनी तिच्या मनातलं लिहून ठेवलं होतं.

कागदाच्या माथ्यावर लिहिलं होतं, हा केवळ मसुदा आहे. ताईनं ते वाचलं. पण तिच्या कचेरीत मसुदा म्हणजे उभं पीक, आज ना उद्या घरात येणारं. एकोणीस वर्षांत एकही मसुद्याचं कार्ड छापल्यावाचून राहिलं नव्हतं. तेव्हा मसुद्यात आहे ते जगात आहे, असंच तिनं धरलं. इथं तिचं चुकलं. दुसऱ्या कुठल्या कचेरीतल्या माणसाचं कदाचित चुकलं नसतं.

तिनं स्टाइलशीटच्या अगदी तळाशी तीन ओळी लिहिल्या. टार्गेट-न्यू, म्हणजे नवा टॅब. टार्गेट-पोझिशन, म्हणजे मागे. आणि एक बंद करणारा कंस. चाळीस हजार लिंकांना एक हुकूम. मग श्वास रोखून ती 'काठ'वर गेली आणि चाक दाबलं. 'तीर' मागे उघडलं. 'काठ' जागच्या जागी.

"चाललं!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शिपायाच्या हातातलं ताट हिंदकळलं.

"काय चाललं, ताई?"

"तुला नाही कळायचं. तीन ओळी. फक्त तीन!" आणि दाराजवळच्या टेबलाकडं न बघता, पण तिथपर्यंत जाईल अशा आवाजात, "मजकुराला हातसुद्धा लावावा लागला नाही."

दोन दिवसांनी घरी, स्वयंपाकघरात, वहिनी कांदा चिरत होती. ताई ताटं मांडत होती. भाऊ आधीच पानावर येऊन बसला होता.

"ताई, एक बोलू?"

"बोल की. तुझं तोंड मी बांधलंय का?"

"तुमच्या त्या ओळी ब्राउझर वाचत नाही हो. मी तीन ब्राउझरांत बघितलं. अनोळखी ओळ आली की तो ती सोडून पुढं जातो. चूक आहे असंसुद्धा सांगत नाही. तो मसुदा पुढं कुणी उचललाच नाही."

"माझ्या मशीनवर चालतात."

"कशा चालतील?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही हो."

"मग कसं? माझ्या टेबलावर चालतात आणि तुझ्या टेबलावर अडतात. ओळींनाही माणसं कळतात म्हणायची!"

वहिनीची सुरी थांबली. "मी तुमच्या भल्यासाठी सांगत होते. समितीपुढं फजिती नको."

"माझ्या फजितीची काळजी तू कधीपासून करायला लागलीस? कांद्यानं पाणी आलंय डोळ्यांत, का माझ्यासाठी?"

भाऊनं खाली बघत विचारलं, "मीठ कुठंय?"

"तुझ्या समोर!" ताई म्हणाली.

"तुमच्या समोर!" वहिनी म्हणाली.

त्या महिन्यात त्या दोघींचं एकमत झालं ते एवढंच.

पत्रं थांबली नाहीत. ओळी लिहून दहा दिवस झाले तरी वाचकांची पानं हरवतच होती. ताईच्या मनात पाल चुकचुकली. आपल्याकडं चालतं आणि बाहेर चालत नाही, याचा अर्थ मध्ये कुणीतरी काहीतरी करतंय. ती सकाळी बस सोडून चालत, सगळ्यांच्या आधी कचेरीत येऊ लागली. फाइल उघडून बघायची. ओळी असायच्या. मग तिला वाटायचं, वहिनी आपल्या पाठीमागं काढते आणि जाण्याआधी परत लावते. असूयेला एकदा धागा सापडला की ती त्याचं सबंध लुगडं विणते.

"काल मी गेल्यावर वहिनी किती वेळ होत्या?" तिनं शिपायाला विचारलं.

"पाचेक मिनिटं. डबा विसरल्या होत्या."

"डबा विसरायला पाच मिनिटं लागतात?"

"विसरायला नाही लागत, ताई. शोधायला लागतात."

मग एका दुपारी वहिनी संपादकांकडं गेलेली असताना ताई दाराजवळच्या टेबलापाशी थबकली. वहिनीच्या पडद्यावर कोशाची एक प्रत उघडी होती. प्रत्येक लिंकच्या आत, थेट मजकुरात, एक छोटी सूचना घातलेली होती: नव्या टॅबमध्ये उघड. वहिनी परत आली तेव्हा ताई तिथंच उभी होती.

"चाळीस हजार शब्दांच्या अंगावर तू एकेक चिठ्ठी टाचलीस?"

"एकेक नाही. एका दमात सगळीकडं बदल केला. दोन मिनिटं लागली."

"ते आणखी वाईट. आठ वर्षं मी मजकूर एका जागी आणि रूप एका जागी ठेवलं. त्यात रंगाचा ठिपका पडू दिला नाही. आणि तू..."

"चालतं ना पण, ताई."

"मजकूर म्हणजे भिंत नव्हे जाहिराती चिकटवायला."

ताई तिथून सरळ संपादकांकडं गेली आणि जे बोलू नये ते बोलली. "माझ्या ओळी कुणीतरी बंद पाडतंय. कोण, ते मी सांगायला नको. ज्याला माझी जागा हवी आहे तो."

संपादकांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई, हा आरोप आहे."

"आहे."

"बैठकीत बघू."

बैठक सकाळी अकराला होती. मधली टेबलं सरकवून खुर्च्या मांडलेल्या, समोर पांढरा पडदा, खिडक्यांना चादरी बांधून केलेला अंधार. समितीचे सहा जण. डॉक्टर पुढच्या खुर्चीत, हातात काठी, कानात यंत्र. ताईनं इस्त्रीचे कपडे घातले होते आणि ती सुंदर बोलली. मजकूर आणि रूप वेगळं का असावं, वाचक आणि त्याचं बोट यांचं नातं काय, एका ओळीत किती ताकद असते. हे सगळं तिनं कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं, म्हणून ते ऐकावंसं वाटत होतं. मग ती संगणकापाशी बसली. 'काठ' उघडलं. 'पाहा: तीर' या विटकरी अक्षरांवर बाण नेला आणि दाबलं. मागे टॅब उघडला. पुन्हा एका लिंकवर. पुन्हा मागे. समितीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे पडद्याकडं बघत होते. वहिनी एकटी ताईच्या हाताकडं बघत होती. नऊ वर्षं एका घरात राहून तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. घरी संगणक नव्हता, आणि कचेरीत ताई खिडकीकडं पाठ करून बसायची, तिचा हात संगणकाआड जाई. मधलं बोट. चाक. वहिनीच्या तोंडून "अगंबाई" निघालं आणि तिनं ते पदरात दाबलं.

"मला द्या, मला द्या," डॉक्टर काठी टेकत उठले. "हरवलेला मी आहे. मला सापडू द्या." ते बसले, माउस धरला, डावं बटण दाबलं. 'काठ' गेलं. 'तीर' आलं. "माझं पान गेलं हो!"

खोलीत कुणीतरी खाकरलं.

ताईच्या कानापर्यंत रक्त चढलं. ती उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत वहिनीकडं बोट करून म्हणाली, "बघा! आत्ता चालत होतं की नाही? हिनंच केलंय काहीतरी. मीच हिला इथं आणलं आणि..."

"ताई," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तिनं चढवला नाही. "एकदा डावं बटण दाबता का? लिंकवर?"

"का?"

"दाबा तर."

"लिंकला चाक असतं."

"दाबा, ताई."

ताई बसली. तर्जनी डाव्या बटणावर ठेवताना ती अवघडली. दाबलं. 'काठ' गेलं. ती परत मागे आली. चाक दाबलं. 'काठ' राहिलं. डावं. गेलं. चाक. राहिलं. त्या काळोख्या खोलीत बटणाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग तिनं स्टाइलशीट उघडलं, आपल्या तीन ओळी पुसल्या आणि चाक दाबलं. पान मागे उघडलं. ओळी नव्हत्या, तरी उघडलं.

"डॉक्टर," तिनं न वळता विचारलं, "तुम्ही नेहमी हेच बटण दाबता?"

"मग काय? सगळं जग हेच दाबतं."

"आठ वर्षं?"

"बटण आहे तेव्हापासून."

ताईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती संपादकांना म्हणाली, "लिहून घ्या. माझ्या ओळी चालत नाहीत. कधीच चालल्या नव्हत्या. हिनं कशालाही हात लावलेला नाही. मी तुमच्याकडं येऊन बोलले ते खोटं, आणि आत्ता बोलले तेही." वहिनीकडं तिनं बघितलं नाही. ते मात्र तिला जमलं नाही.

मग वहिनीनं आपली रीत दाखवली. डावं बटण दाबलं की नवा टॅब उघडे आणि समोर येऊन उभा राही. पहिलं पान मागे सुखरूप. डॉक्टरांनी तीनदा करून पाहिलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पान हरवत नाही. पण हे तर पुढ्यात येऊन उभं राहतं. ताईंचं मागे थांबत होतं. तसं नाही का करता येणार?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"का?"

"ती सोय फक्त त्या मसुद्यात होती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी घेतलीच नाही."

"अरेरे. कल्पना ती बरी होती."

इतक्या फजितीनंतरही ताईला ते ऐकून गोड वाटलं. ते तिचं तिलाच कळलं आणि तिनं मान खाली घातली.

निर्णयाला वेळ लागला नाही. मांडणी वहिनीकडं गेली. संपादकांनी तो शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितला. ताईनं पासवर्ड एका कार्डावर लिहिला, सुवाच्य अक्षरात, आणि कार्ड वहिनीच्या टेबलावर ठेवलं.

"ताई," वहिनी म्हणाली, "विटकरी रंग ठेवीन मी. समासही."

"तुझ्या हाती आहे. ठेव नाही तर काढ."

"तुम्ही चिडलात?"

"चिडले नसते तर तुला बरं वाटलं असतं का?"

तेवढ्यात पलीकडून डॉक्टर ओरडले. कुणीही न सांगता त्यांनी मधलं चाक दाबून पाहिलं होतं. "अहो, हे बघा! हे चाक! मागे उघडतंय, मागेच! ताई, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे," ताई म्हणाली.

समितीचे लोक डॉक्टरांभोवती गोळा झाले. प्रत्येकाला चाक दाबून बघायचं होतं. संपादकही चष्मा कपाळावर चढवून वाकले. 'काठ', 'तीर', 'बाण', 'भाता', पानांची रांग लागत गेली. "ताईंची रीत!" असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. कोशाच्या पहिल्या पानावर तशी सूचना छापावी, लिंकवर चाक दाबा म्हणजे पान मागे उघडेल, असंही ठरून गेलं. वहिनीनं केलेली चाळीस हजारांची दुरुस्ती कुणी पुन्हा उघडून पाहिली नाही. ती पासवर्डचं कार्ड हातात धरून गर्दीच्या बाहेर उभी होती.

ताईनं नव्या खंडाच्या प्रुफांचं बाड उचललं, छातीशी धरलं. शिपाई धावला, "मी आणतो ताई," पण तिनं मानेनंच नको म्हटलं. प्रुफांची खोली सज्ज्याच्या पार टोकाला होती. ती चालत निघाली, घाई न करता, एका बाजूला किंचित झुकून, कारण बाड जड होतं. मागून डॉक्टरांचा हसण्याचा आवाज आला तरी ती वळली नाही.

तिला जाताना वहिनीनं पाहिलं, दारात उभं राहून. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. वहिनीचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर ताईच्या पाठीवर खिळलेली. ताईनं वळून बघितलं असतं, तर ती नजर तिला लगेच ओळखू आली असती.